उलट्या जोडलेल्या नळ्या

परदेशीपुऱ्यातल्या बंद मिलच्या फाटकासमोर माझी जुनी मोटार काही केल्या सुरू होईना. पेट्रोलच्या नळ्या गळत होत्या, म्हणून समोरच्या दुकानातून नव्या आणून मी स्वतःच बसवल्या होत्या. मी इंजिनियर, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. दोष बॅटरीचा आहे, असं मी ठरवूनही टाकलं.

चहाच्या टपरीवरून एक म्हातारा उठून आला. मिल बंद होऊन वर्ष उलटलं तरी अंगात मिलचाच खाकी शर्ट, तोही इस्त्रीचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने बॉनेटवर तळहात ठेवला.

"सेल्फ मारा, भिया."

मी मारला. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"नळ्या कोणी लावल्या?"

"मीच."

"तरीच. पंपात येणारी नळी जाणारीच्या जागी लावलीय."

त्याने दोन्हींची अदलाबदल केली, पंपाची दांडी हाताने हलवून पेट्रोल वर चढवलं, आणि गाडी सुरू झाली.

एकेक बोट पुसत तो म्हणाला, "आमच्या मिलमध्ये हेच झालं बघा. साहेब लोक उलटं जोडायचे आणि कागदावर लिहायचे, मशीन पुरानी हो गई."

मग त्याने सहज विचारलं, "इकडे कसे काय आलात?"

त्याच्याच मिलची यंत्रं भंगारात काढण्याजोगी आहेत, असा अहवाल मी त्याच सकाळी पूर्ण केला होता. एकही यंत्र चालवून न बघता.

"खजरान्याला दर्शनाला निघालोय," मी म्हणालो.

"मग आमच्यासाठीही हात जोडा," असं म्हणून तो टपरीकडे वळला.