न धुतलेली मूस

निर्मळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेने ठेवलेलं, आणि त्यांना मनातून आवडणारं. काही घन पदार्थ उजेड पितात आणि अंधारात तो सावकाश परत देतात. किती वेळ देतात आणि का देतात, हे शोधण्यात या भौतिकशास्त्रज्ञाची एकतीस वर्षं गेली. त्यांचं म्हणणं एकच, भुकटी शुद्ध हवी. भुकटी भाजायची पांढरी वाटी, म्हणजे मूस, ते आम्लाने तीनदा धुवायचे आणि चौथ्यांदा मनाच्या समाधानासाठी. एवढं करून त्यांची भुकटी अंधारात चमकायची ती पाऊण तास.

समोरच्या टेबलावर गबाळ्या. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. त्याच्या वहीवर चहाचे डाग, ओळखपत्र नेहमी दुसऱ्या शर्टात. या गबाळ्याने गेल्या वर्षी एक भुकटी भाजली आणि ती दहा तास चमकली. झालं! सत्कार, भाषणं, वर्तमानपत्रात फोटो. निर्मळरावांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवले नाहीत. बायको म्हणाली, तो काय तुमच्या ताटातलं घेतो का? घेत नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच.

मग एक मजा झाली. गबाळ्याला ती भुकटी पुन्हा जमेना. अकरा वेळा भाजली, अकराही वेळा तासाभरात विझली. शुक्रवारी बाहेरची समिती येणार होती. तिच्यासमोर जमली नाही, तर लबाडीचा शिक्का बसणार होता. त्या आठवड्याच्या सोमवारी तो आपली वही घेऊन निर्मळरावांकडे आला आणि म्हणाला, तूच बघ बाबा, माझं डोकं चालत नाही. निर्मळरावांना बरं वाटलं. इतकं बरं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं.

डागांमधून वाट काढत ते पहिल्या भाजणीच्या पानावर आले. कोपऱ्यात लिहिलं होतं, मूस सात. सात नंबर तर त्यांची! त्यांनी स्वतःची वही उघडली. त्याच तारखेला, सुवाच्य अक्षरात: ‘बायको जिन्यावरून पडली. दवाखान्यात जातो. मूस ७ धुणे बाकी.’ त्या मुशीत आदल्या दिवशी त्यांनी एक दुर्मिळ धातू भाजला होता. त्याचा कण तळाशी राहिला, गबाळ्याने न विचारता वाटी उचलली आणि आयत्या बिळावर नागोबा झाला.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं घासून मिळालं काय, तर पाऊण तास. आणि एकदा राहिलेली घाण चमकली, तीही त्याच्या नावावर! गप्प राहिलं की झालं. शुक्रवारी परस्पर निकाल लागणार होता.

पण ते खरंच तसं आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. गुरुवारी दुपारी त्यांनी मूस सातमध्ये त्या धातूची चिमूट टाकली, भुकटी भाजली, दिव्याखाली धरली आणि काळ्या खोलीचं दार लावून घेतलं. हिरवा उजेड. तास झाला, दोन झाले, हाताच्या रेषा दिसत होत्या. त्यांचा ऊर भरून आला. कोणाला दाखवावं? बायको छान म्हणाली असती. हे काय आहे ते कळणारा माणूस या इमारतीत एकच होता, आणि त्याचा त्यांना मनापासून राग होता. त्यांनी त्यालाच फोन केला.

गबाळ्या आला, वाटीकडे बघत उभा राहिला.

“सात नंबर मी धुतली नव्हती,” निर्मळराव म्हणाले. “माझी घाण आहे ही.”

गबाळ्याने मान वर केली. मग सहज म्हणाला, “मग उद्या समितीला तू दाखव. नवीन लेखावर तुझं नाव आधी. आणि सत्कार चुकून माझा झाला, हे मीच सांगतो.”

त्याला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. आपल्याला चार दिवस लागले होते. निर्मळरावांच्या पोटात पुन्हा दुखलं, पूर्वीपेक्षा जास्त.