वरचं माणूस

मी रोज ज्या मेट्रो स्टेशनातून कामाला जाते ते पुण्याच्या पोटात आहे. एक सरकता जिना, मग दुसरा, मग फलाट. बाहेर पाऊस असो की वैशाख, खाली तोच पांढरा उजेड. लोकांना त्याचं भारी कौतुक. मला कधी वाटलं नाही. माझं निम्मं बालपण विहिरीच्या काठावर गेलं, जमिनीत उतरण्याचं मला कसलं नवल?

अप्पा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदायचे. आमचं पेडगाव परभणीजवळ. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. तळाशी अप्पा घण आणि पहार घेऊन, आणि काठावर माय. बाकी गडी कितीही असोत, खाली उतरणाऱ्याच्या घरचं एक माणूस काठावर लागायचंच. ते वरचं माणूस. थोड्या थोड्या वेळाने त्याने हाक द्यायची, "हाय का?" खालून "हाय!" आलं पाहिजे. नाही आलं तर ओरडून माणसं जमवायची, दोर सोडायचा, पण वरच्या माणसाने स्वतः उतरायचं नाही. तळाची हवा बिघडलेली असली तर मागून उतरणाराही जातो. हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं.

काठावर बसली की माय दुसरं काही करायची नाही. शेंगा फोडणं नाही, गप्पा नाहीत. मी काही विचारायला गेले तर हातानेच गप्प करायची. मला तिचा राग यायचा. बाकीच्या आया पोरींच्या वेण्या घालतात आणि आमची ही खड्ड्याला कान लावून बसते. अप्पांनाही त्या कामाचं काही वाटत नसे. "हिला काय, सावलीत बसायचं आन् हाका मारायच्या," असं ते चारचौघांत चेष्टेने म्हणायचे. माय पदराआड हसायची.

गेल्या वर्षी माय तापाचं निमित्त होऊन गेली. मी एकुलती एक, अप्पा एकटे पडले. मी त्यांना पुण्याला आणलं ते कायमचं राहायला. तसं बोलले नव्हते, पण त्यांना कळलं असावं, कारण निघताना त्यांनी आपली पहार शेजारच्या काकांना देऊन टाकली. मीही इथे एकटीच राहते. घरात कोणीतरी आपली वाट पाहतंय, एवढं मला हवं होतं. स्वार्थ म्हणा हवं तर.

पहिल्याच रविवारी मेट्रो दाखवायला नेलं. जिन्याच्या तोंडाशी अप्पा थांबले.

"तू जा. मी वर हाय."

"अप्पा, ही काय हीर हाय का? इतकी माणसं उतरायलीत की."

"उतरू दे. आपल्या घरची दोनच माणसं हायेत. दोघं बी खाली गेलो तर वर कोन?"

अप्पांचं न्हाई म्हणजे न्हाई. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते रोज सकाळी माझ्यासोबत स्टेशनापर्यंत यायला लागले. मी निम्मा जिना उतरले की वरून हाक यायची, "हाय का गं बाई?" अख्खं पुणं मागे वळून बघायचं. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली, तर दुसरी हाक दुप्पट मोठ्याने. मग मुकाट्याने ओरडले, "हाय!" कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसल्या. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने अप्पांना विचारलं, "आजोबा, कोणी हरवलंय का?"

"हरवू नये म्हून तर हुबा हाय."

खाली माझ्या फोनला रेंज नसायची. ऑफिसपाशी वर आले की मी फोन करायचा, "आले वर." तोवर अप्पा इकडे जिन्यापाशी कट्ट्यावर बसून राहायचे. "बरं" म्हणायचे आणि घरी जायचे. ऑफिसात मी या सगळ्याची कटकट म्हणून तक्रार करायची, पण खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

मग एक दिवस गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये बोगद्यातच थांबली. काही बिघाड झाला होता. दिवे चालू होते, दिलगिरीची घोषणा पुन्हा पुन्हा होत होती. लोक चुळबुळत होते. मी हातातल्या मुक्या फोनकडे बघत होते. वर काय चाललं असेल ते मला कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. अखेर गाडी हलली. वर येऊन फोन लावला तर अप्पांचा लागेना. तशीच रिक्षा करून मागे आले.

अप्पा खाली फलाटावर बाकावर बसलेले. एक चप्पल जिन्यात गेलेली, गुडघा फुटलेला. शेजारी तो सिक्युरिटीवाला पाण्याची बाटली धरून उभा. तो म्हणाला, "ऐकेचनात हो. पोरगी खाली आहे म्हणत घुसले. मग मीच आलो बरोबर. फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोगद्याकडे तोंड करून हाका मारत फिरले."

जन्मभर विहिरी खोदलेला माणूस, ओ आली नाही म्हणून काठ सोडून स्वतः खाली उतरला होता.

संध्याकाळी घरी मी गुडघ्याला हळद लावत होते तेव्हा अप्पा म्हणाले, "हे वरचं काम मला जमायचं न्हाई, बाई."

"कोन करा म्हनायलंय तुमाला?"

"खाली लय सोपं असतंय. दगूड फोडायचा, दुसरं काय. वर बसल्यालं माणूस सारा येळ मरत असतंय. तुझी माय सारा जलम बसली. आन् मी म्हनायचो, सावलीत बसती."

आणि अप्पा रडले. माय गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात ते गावी परत गेले. मी बसने जाते म्हटलं, घर बदलते म्हटलं, भांडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. "रोज जीव टांगणीला लागायलाय. तितं निदान तू उतरताना दिसनार न्हाईस," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या स्टेशनाने माझं माणूस गिळलं, असंच मला वाटलं. अजूनही वाटतं.

मग उलटं सुरू झालं. रोज सकाळी खाली उतरण्याआधी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी गावी फोन लावायची. "हाय का, अप्पा?" तिकडून "हाय!" बाकी बोलणं रात्री. ओ आली की मी उतरायची.

पौषातल्या एका सकाळी फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तसंच. मग कधीतरी उचलला गेला, पण आवाज शेजारच्या काकांचा होता.  ते म्हणाले, "बाई, तू निघ आता."

मी जिन्याच्या वरच उभी होते. ओ आली नाही तर वरच्या माणसाने ओरडून माणसं जमवायची असतात. मी तोंड उघडलं. दोन्ही बाजूंनी माणसं भराभर खाली उतरत होती, आणि त्यांतल्या कोणाला हाक मारायची तेच मला कळेना.