मेक्सिकोला गेलेलं घोंगडं

बिरामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात कॉलेजच्या जिन्यावर उभी होते. आई रडत होती, मामींनीच तिच्या हातातून फोन घेतला. "ये पोरी, मामा गेलं तुझं…" एवढंच म्हणाल्या. मला असं लिहायची सवय नाही. पण घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, आणि ते ज्यांच्यामुळे झालं त्यांच्याबद्दल लिहायचं राहू नये, असं वाटतं.

मामा सांगोल्याकडचे, मेंढरं राखून वाढलेले. पुढं सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागले, तरी गावाकडं थोडी मेंढरं ठेवलीच. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. तिकडं मेक्सिकोच्या डोंगरात गरीब आदिवासी शेतकऱ्यांनी जमिनीसाठी बंदुका उचलल्या होत्या. सरकारनं फौज घातली होती, आणि गोळीबार थांबवा, त्यांच्याशी बोला, म्हणून देशोदेशी मोर्चे निघत होते. मामांच्या युनियननंही गेटसभेत पाठिंब्याचा ठराव केला. सगळ्यांचे हात वर झाल्यावर मामा उठले. "ठराव बरा हाय. पन ती मानसं बोलनी करायला बसनार कशावर?"

सभा हसली. मामा मात्र खरंच विचारत होते. त्यांच्या गावात तंटा मिटवायचा तर आधी घोंगडं अंथरतात. काठी, चपला बाहेर ठेवून त्यावर बसायचं. बसलेल्यानं खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. मामांनी घरचं नवं काळं घोंगडं दिलं. मामींनी कोपऱ्याला कापडाची पट्टी शिवली आणि लाल दोऱ्यानं युनियनचा पत्ता त्यावर घातला, वाचता येत नसताना, नक्षी उतरवावी तसा. युनियनचा एक कार्यकर्ता तिकडं निघाला होता, त्याच्याबरोबर घोंगडं गेलं. आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही… गावात मामांना 'मेक्सिकोचे पंच' नाव पडलं. "काय पंच, मिटला का तंटा?" शेजारचे, भावकीतले तात्या हटकून विचारायचे. मामा म्हणायचे, "बसलं असतील की."

मी नववीत असताना युनियनच्या ऑफिसातून पार्सल मामांच्या घरी आलं. फोडलं तर काळी लोकर. "आलं की परत तुमचं घोंगडं!" तात्या ओरडले. मामांनी घडी उलगडली. आपलं घोंगडं सपाट, खरखरीत. हे मेंढीच्या पाठीसारखं केसाळ होतं. "आपलं न्हवं हे, तात्या. त्यांच्यात बी काळी मेंढरं हायत!" मामा लहान मुलासारखे हसत सुटले. आत एक फोटो होता. तोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे दिसणारी माणसं गोल बसलेली, आणि त्यांच्याखाली आमचं घोंगडं, लाल अक्षरांच्या पट्टीसकट. सरकारशी बोलणी त्यावर झाली की गावातली एखादी बैठक, ते कळलं नाही. मामांना पर्वा नव्हती. "बसले की! बास." मामी फोटोवरून नजर काढत नव्हत्या. "अवो, निम्म्या बाया हायत की हितं."

आमच्याकडं बाया घोंगड्यावर बसत नसत.

बारावीनंतर माझं लग्न ठरवायला बैठक जमली, तेव्हा मामांनी ते केसाळ घोंगडं अंथरलं. मी दाराआड होते. "दाजी, जिचं लगीन हाय ती कुटं हाय?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "पोरीला कशाला मधी घेता?" "हे घोंगडंच तसलं हाय. ह्याच्यावर बाया बसत्यात." मी बसले. मामांनी बाकीच्यांना हातानं थांबवलं. मी म्हणाले, "मला शिकायचंय." वडील लोकरीवर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "शिक."

मामांच्या दहाव्यानंतर त्यांची मेंढरं विकायची ठरवायला भावकी अंगणात उभी होती. मामी आत गेल्या, घोंगडं आणलं, झटकलं आणि अंथरलं. चपला काढून सगळ्यांच्या आधी त्याच बसल्या, मामा बसायचे त्या जागी. मला हात धरून शेजारी ओढलं.

"बसा की तात्या, उबं का?" त्या म्हणाल्या. "मेंढरं माजी हायत. बोलू की."

तात्यांनी चपला काढल्या.