कूपनचे पाहुणे आणि महिन्याचे घरचे

आमच्या खानावळीला इंटरनेटवर एका गृहस्थानं एकच तारा दिला आहे. खाली लिहिलंय, ‘कूपनवाल्यांना ताटकळत ठेवतात. मालकीणबाई उद्धट.’ आमचे हे म्हणाले, त्याला फोन करू, समजूत घालू, काढायला लावू. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं खोटं काय लिहिलंय? मी ताटकळत ठेवलं होतं आणि ठरवून ठेवलं होतं. उद्धटपणाचं म्हणाल तर तो त्या दिवशी थोडा कमीच पडला, असं मला आजही वाटतं.

नांदेडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ आहे. पाटी आहे, पण ती वाचून कुणी येत नाही. कुणीतरी कुणाला तरी घेऊन येतं आणि मग तो माणूस येतच राहतो. ज्वारीची भाकरी, वरण, एक सुकी भाजी, भाजक्या डाळींच्या येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी, एवढंच आमचं. भाकऱ्या सासूबाई थापतात. मी त्यांना आत्या म्हणते. फोडणी आणि वाढणं माझ्याकडे, गल्ल्यावर हे. तवे दोनच, आणि भाकरी ताटात पडायची ती थेट तव्यावरून, हा आत्यांचा कायदा. आधी थापून फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकरी जेवणाऱ्याला वाढणं त्यांना पाप वाटतं.

जेवणारे बहुतेक महिन्याचे. कोर्टातले कारकून, औषधाच्या दुकानातले दोघं-तिघं, एक-दोन शिक्षक आणि कंडक्टर मामा. मामा एसटीत होते, सगळी नोकरी हदगावच्या गाडीवर काढली. मामी गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. लेकरं पुण्याला असतात, बोलावतात, पण मामा जात नाहीत. आल्या आल्या फळीवरचं ताट स्वतःच घ्यायचे, कांदा चिरायला बसायचे, आणि चिरलेला कांदा सगळ्यांच्या ताटात टाकत फिरायचे. आत्यांना वैनी म्हणायचे, मला सूनबाई. त्यांना कुणी गिऱ्हाईक म्हटलं असतं तर आम्हालाच राग आला असता.

आता हे कूपन आमच्या घरात शिरलं कसं, तर माझ्या माहेरून. लातूरला माझ्या भावजयीचं पार्लर आहे. भाचीच्या साखरपुड्याला गेले तेव्हा तिनं मला खुर्चीत बसवलं, तोंडाला काहीतरी फासलं आणि बोलायला सुरुवात केली. मला ओठ हलवायची बंदी होती, म्हणून सगळं ऐकून घ्यावं लागलं.

‘‘वन्सं, तुम्ही बी कूपन लावा. चौघांनी मिळून घेतलं की अर्ध्या भावात. दुपारच्याला माझ्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या, पोरी मोबाईल बघत बसायच्या. आता चौघी-चौघी मिळून येऊन राहिल्या. अर्ध्यात फेशियल केलं, हाव, पण त्यातल्या लई जणी आता पूर्ण पैसे देऊन येतेत.’’

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर दोघी बिनकूपनच्या आल्या आणि हिच्याशी मैत्रिणींसारख्या गप्पा मारत बसल्या. मी परत आले ती चकचकीत तोंड आणि डोक्यात हे खूळ घेऊन. आमच्या ह्यांना तर हा विचार माझ्याहून जास्त आवडला. आठवडाभरात कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. ‘‘मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त हो म्हणायचं.’’ चौघांनी मिळून थाळी घेतली तर अर्ध्या भावात, आणि त्या अर्ध्यातूनही कंपनी आपला वाटा काढणार. आम्ही हो म्हटलं. फक्त हो म्हणायला सांगणाऱ्या माणसाला आधी नाही म्हणून बघावं, ही अक्कल मला नंतर आली.

पहिल्याच रविवारी गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. चौघं-चौघं, आठ-आठ, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कूपन. आमच्याकडे टेबलं चार आणि भिंतीला लागून एक बाकडं. त्या सगळ्यांवर आमचे नेहमीचे बसले होते. आत्यांनी भाकरी उलथता उलथता बाहेर नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘‘पहिल्यांदा आलेत आपल्या दारात. पाहुणे आधी. घरचे थांबतेत.’’

आणि घरचे उठले. कुणाला काही सांगावंही लागलं नाही. आमच्याकडे रीतच तशी आहे. लग्नकार्यात घरचा माणूस वरणाची बादली घेऊन पंगतीत वाकून वाकून फिरतो, पाहुणे तृप्त झाले की मागून उरलंसुरलं खातो आणि त्यातच त्याचा मान असतो. घरच्यानं आधी पाटावर बसावं ही लाजेची गोष्ट. कोर्टातल्या कारकुनांनी हसत हसत जागा सोडली. मामांनी तर पाण्याचा जग उचलला आणि कूपनवाल्यांना पाणी वाढायला लागले. ‘‘बसा, बसा, सावकाश होऊ द्या.’’ आम्हाला त्या दिवशी काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मला त्या रीतीची आजही लाज वाटत नाही. रीत चांगलीच आहे. पण आलेले लोक पाहुणे नव्हते, हे आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

पाहुणा कसा असतो? तो पुरे म्हणतो, आपण आग्रह करतो. हे उलटंच. ‘‘अनलिमिटेड आहे ना?’’ हा पहिला प्रश्न. मग ताटाचा फोटो. मग चार भाकऱ्या घ्यायच्या आणि दोन मोडून टाकायच्या. आत्या मोरीपाशी जायच्या, खरकट्यात पडलेल्या आपल्याच हातच्या भाकरीकडे बघायच्या आणि परत तव्यापाशी येऊन बसायच्या. सगळेच तसे होते असं मी म्हणणार नाही. मुदखेडचं एक कुटुंब आईला दवाखान्यात ठेवून आलं होतं, त्यांची सून आत येऊन आत्यांच्या पाया पडून गेली. ते नंतर कूपन नसतानाही आले. असे दोन-चार. बाकीच्यांचं आमच्याशी देणं-घेणंच नव्हतं. त्यांचं नातं कूपनशी होतं, आणि ते संपलं की पुढच्या कूपनच्या दारात जाणार होते.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी आमची गत. तवे दोनच आणि आत्यांचे हातही दोनच. कारकुनांची जेवायची सुट्टी उभ्या उभ्या संपायची. त्यांनी तक्रार केली नाही. घरचा माणूस तक्रार करत नाही, तो यायचं कमी करतो. आधी एक जण डबा आणायला लागला. मग दुसरा म्हणाला, उपवास धरलाय. शिक्षकांनी तर काही कारणही दिलं नाही.

मामा मात्र रोज थांबायचे. दाराशी उभे राहून कूपनवाल्यांच्या चपला सरळ करायचे. एकदा दुपारी पाहुणे उठेपर्यंत आमटी संपली. मी पातेल्याच्या तळाला गरम पाणी घालून ती वाढली. आत्यांचे हात इतके भरून आले होते, की त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच भाकऱ्या थापून फडक्यात ठेवल्या होत्या. त्यातली एक मामांच्या ताटात गेली. मामा जेवले, ताट स्वतः घासलं आणि गेले. संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

‘‘मामा आजारी हायेत का?’’ आत्यांनी विचारलं. आमचे हे खोलीवर जाऊन आले. मामा ठणठणीत होते. म्हणाले, पोटाला सध्या हलकंच बरं पडतं.

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात भांडण झालं. हे म्हणाले, ‘‘अगं, गर्दी बघ की किती वाढली.’’ मी म्हटलं, ‘‘गर्दी वाढली, हाव. त्या गर्दीतल्या एकाचं तरी नाव सांगा मला.’’ ते गल्ल्यावर जाऊन बसले. मी कंपनीला फोन लावला, बंद करा म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, विकली गेलेली कूपनं मुदत संपेपर्यंत चालवावीच लागतील. बरं. विकलेलं कूपन म्हणजे दिलेला शब्द, तो मी मोडणार नव्हते. पण आधी कुणी बसायचं हे काही कंपनीला विकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी दारात उभी राहिले. महिन्याचे आधी, कूपनवाले मागून.

तो एक ताऱ्याचा गृहस्थ याच आठवड्यात आला, तीन मित्र घेऊन. ‘‘आम्ही आधी आलो,’’ तो म्हणाला.

‘‘हाव, आलात. पण हे रोज येतेत.’’

‘‘आम्ही पैसे भरलेत.’’

‘‘अर्धे भरलेत. ताट पूर्ण मिळेल, गरम मिळेल. फक्त मागून मिळेल.’’

‘‘असं असेल तर हे नेटवर लिहायला पाहिजे.’’

‘‘लिहा ना. उद्धट बी लिहा.’’

त्यानं ऐकलं माझं. जेवण मात्र पोटभर जेवला, आमटी दोनदा मागून घेतली, आणि त्या आमटीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मुदत संपायला महिनाभर उरला तेव्हा इस्त्रीचा शर्ट परत आला. ‘‘मॅडम, कूपन पुढे चालू ठेवू. किती पब्लिसिटी झाली तुमची!’’ मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दुपारी आमच्याकडे एक तरी जागा रिकामी होती का?’’ त्याला आठवेना. मला आठवत होतं. तो स्वतःच उभा राहिला होता. माझ्या भावजयीकडे रिकामी खुर्ची होती, ती तिनं स्वस्तात दिली आणि तिचं भलं झालं. मी तिच्यावर रागावलेली नाही. आमच्याकडे रिकामं काहीच नव्हतं. आम्ही स्वस्तात दिलं ते आमच्या माणसांचं ताट.

‘‘मग आपण फक्त संध्याकाळी पाच ते सहा ठेवू,’’ तो म्हणाला. गडी चिवट!

‘‘पाच वाजता नांदेडात कोण जेवतं? तुम्ही जेवता?’’

तो हसला, मी नाही. त्याला भाकरी खाऊन जा म्हटलं, कारण दारात आलेल्याला उपाशी पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. पण सही केली नाही. मी अजूनही बाजारात कुणी कूपनचं नाव काढलं की विचारते, बाई, तुझ्याकडे रिकामं काय आहे ते आधी सांग. लोकांना वाटतं ही भांडायलाच निघाली आहे. वाटू दे.

हळूहळू कारकून परतले. उपवासवाला परतला. शिक्षक आले. मामा आले नाहीत. ते रेल्वे स्टेशनकडच्या एका खानावळीत जेवतात असं कळलं. त्या दिवशी दुपारी आत्यांनी पिठाची परात पुढ्यात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘मामाला घेऊन ये. तो आल्याबिगर मी तव्यावर भाकरी टाकणार न्हाई.’’

बाहेर टेबलं भरलेली होती. मी तशीच निघाले, हात पदराला पुसत.

ती खानावळ सापडली. काचेच्या दारावर आमच्याच कंपनीचं स्टिकर होतं, नवं कोरं. आत कॉलेजची पोरं-पोरी मोबाईल उंचावून ताटांचे फोटो काढत होती. आणि मामा बाहेर उन्हात भिंतीला टेकून उभे होते.

‘‘मामा, इथं का उभे?’’

‘‘आत पाहुणे बसलेत.’’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच माझ्या जिव्हारी लागलं. ‘‘थांबून राहिलो. मी काय, घरचाच हाय ना आता यांच्या.’’

मला रडू येत होतं आणि संताप तर इतका, की रडायला जागा उरली नाही. मी दार ढकललं. आत माझ्याच वयाची एक बाई वरणाची बादली घेऊन घामाघूम झाली होती. तिला म्हटलं, ‘‘बाई, ते बाहेर उभे हायेत ते आमच्या घरचे. मी घेऊन चालले. आणि तुमच्या बाकीच्या घरच्यांना तरी आधी वाढा.’’ पोरांनी माझाही फोटो काढला असेल.

मामा नको नको म्हणत होते. ‘‘सूनबाई, तुमच्याकडं पाहुणे असतील. मी मागून येतो.’’

‘‘तुम्ही घरचे, म्हणूनच आधी जेवायचं. चला.’’

रिक्षातून उतरून आम्ही गल्लीत शिरलो. खानावळीत सगळे रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसले होते, कारकून, शिक्षक, कूपनवाले, सगळे. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी आमच्या ह्यांच्याशी हुज्जत घालत होतं. दोन्ही तवे चुलीवरून खाली उतरवलेले होते. आत्या हाताची घडी घालून पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मामांना नखशिखांत बघितलं, ‘‘वाळला की रे,’’ म्हणाल्या, आणि तवा चढवला.