शेवंताबाईंचा डबा

जंगल सफारी आटोपून मोहर्ली सोडली तेव्हा वाघ काही दिसला नव्हता आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं. गाडी मूलच्या दिशेने निघाली होती, कारण तिकडच्या एका गावात आज बायका जाळं ओढणार होत्या! मुक्कामाच्या घरच्या मावशींनी आपल्या बहिणीला, मंदाबाईंना, फोन करून मी येतेय म्हणून कळवलं होतं.

मंदाबाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटाने गावची बोडी (लहान तलाव) ग्रामपंचायतीकडून पहिल्यांदाच ठेक्याने घेतली होती. आज मासळी निघाली नाही, तर ठेका पुन्हा पुरुषांकडे जाणार होता. त्यामुळे निम्मं गाव सकाळपासून पाळीवर (बांधावर) गंमत बघायला बसलं होतं. मीही चहाचा कप घेऊन त्यांच्यात बसले.

बायका कंबरभर पाण्यात उतरल्या. जाळं ओढलं. वर आलं शेवाळ आणि एक चप्पल. पाळीवर हशा पिकला.

"मी सांगतच होती! काई नाई या बोडीत. सारं बगळ्यायनं खाल्लं," गटातल्या शेवंताबाई कडाडल्या. त्यांचा आवाज पार देवळापर्यंत जात असावा.

"अवो, चप्पल त भेटली! आता जोडीची काढू," मंदाबाई हसत म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला बोटभर पिल्लं आली. दोघी बायका काठाकडे वळल्या. मंदाबाई पाणी प्यायला माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मले लय भेव लागून रायलं. पण माह्यं तोंड उतरलं त साऱ्या घरी जातीन."

पदर खोचून त्या परत फिरल्या, त्या हसतच. तेलाचा रिकामा डबा त्यांनी शेवंताबाईंच्या हातात दिला. "शेवंता, तू पल्याडच्या कोपऱ्यात जाय. डबा वाजव, आन् तुले जे म्हणाचं हाय ते जोरानं म्हण."

"काऊन?"

"तुह्या आवाजानं माणसं पयतेत (पळतात), मासोया नाई पयणार जाळ्याकडं?"

सगळ्या खदखदून हसल्या. काठावर गेलेल्या दोघीही परतल्या. मलाही वाजवायला एक थाळी मिळाली आणि मी चपला काढून पाण्यात! शेवंताबाईंनी डबा बडवत ऊन, चिखल, सासू, अध्यक्ष, सगळ्यांचा उद्धार केला. मी थाळी वाजवता वाजवता घसरले आणि गळ्यापर्यंत बुडाले. माझ्या किंकाळीचाही उपयोग झाला म्हणतात.

आणि जाळं जड झालं! रोहू उसळ्या मारू लागले, पाणी चांदीसारखं चमकायला लागलं. पाळीवरचे पुरुष न बोलावता दोर ओढायला धावले. "सोडा! आमचं आम्ही ओढतो," बायका ओरडल्या. मीही ओरडले.

"एवढ्या मासोया साफ कोन करन?" शेवंताबाईंनी तिथेही कुरकुर सोडली नाही.

मंदाबाई मात्र आमच्याकडे पाठ करून तोंड धुवत होत्या. बराच वेळ धुवत होत्या.

दुपारी भात आणि झणझणीत रस्सा चापून मी परतीला लागले. नाशिकला मी नुकतीच मुख्याध्यापिका झाले आहे. हसतमुख राहायचं म्हणजे भीती वाटूच द्यायची नाही, असा माझा समज होता. तो त्या बोडीत बुडाला. आमच्या शाळेतही एक शेवंताबाई आहेत. प्रत्येक बैठकीत त्या गप्प कधी बसतील याची मी वाट बघत असते. सोमवारी क्रीडादिनाची बैठक आहे. मैदानावरचा माईक मी त्यांच्याच हातात देणार आहे, मनातून घाबरलेली असले तरी हसतच.