घवाळी सरांचा बर्फ

घवाळी सरांसारखा भूगोल शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाहीये.

दत्ताराम घवाळी मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत शिकवायचे आणि राहायचे रेल्वे लाइनीपलीकडे, मोरव्याच्या बाजूला. खिशाला कायम खडूची भुकटी. आमची घरं त्यांना पाठ होती, त्यांचं घर मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. एकटा जीव असेल, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

१९९१ च्या जूनमध्ये सर आमच्या खोलीवर आले. मी पाचवीत जाणार होते. माझे बाबा, कोंडिराम, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. शेठची ओळख लावून त्यांनी मीरा रोडच्या एका इंग्रजी शाळेत माझी सीट पक्की केली होती. आईने, प्रभावतीने, केबिन रोडवरून टायसुद्धा आणून ठेवला होता.

"ताई, तेजश्री हुशार आहे," सर म्हणाले. "आपल्या भाषेत शिकेल तर मुळापासून शिकेल. तिकडे नुसती पोपटपंची. माझ्यावर सोडा तिला."

बाबांनी आईकडे बघितलं. आई चौथी शिकलेली, मराठवाड्यातून आलेली; आमच्या घरात शिक्षकाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिने सीट सोडायला लावली आणि टाय शेजारच्या मुलाला देऊन टाकला. वर चाळभर सांगत फिरली, "सर स्वतः घरी आले होते."

आणि सरांनी शिकवलंही तसंच, हे नाकारण्यात अर्थ नाही. सातवीला जगाचे नैसर्गिक प्रदेश होते. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी आमच्या वर्गाने ते सगळे मांडायचे ठरले. सरांची अट एकच, विकत काही आणायचं नाही. सहाराची वाळू उत्तनच्या किनाऱ्यावरून आली. तिला सुकटीचा असा वास होता की आमच्या वाळवंटात एक मांजर मुक्कामाला राहिलं. तैगाची झाडं सुरूच्या काड्यांची. टुंड्राचा बर्फ म्हणून आम्ही मिठागरावरचं जाडं मीठ पोतंभर ओतलं आणि खूश होऊन घरी गेलो. सोमवारी येऊन बघतो तर मिठाला पाणी सुटलेलं, रेनडिअर गुडघ्यापर्यंत चिखलात.

सर पोट धरून हसले. मग त्यांनी युक्ती सांगितली. मीठ आधी तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, निवलं की त्यात खडूची भुकटी कालवायची. आम्ही शाळेतले सगळे डस्टर पेपरवर झटकले. सर नकाशात शहरं गुलाबी खडूने दाखवायचे, त्यामुळे आमच्या बर्फाला हलकी गुलाबी झाक आली. "सूर्य उगवतोय असं सांगा," सर म्हणाले. असा शिक्षक आपला आहे, याचा मला तेव्हा केवढा गर्व होता.

प्रदर्शन भरलं मीरा रोडच्या त्याच इंग्रजी शाळेत, जिथली सीट मी सोडली होती. आई चांगली साडी नेसून आली. सर मात्र त्या दिवशी सारखे घाम पुसत होते. "आपला स्टॉल सोडून कुणी हलू नका," त्यांनी चारदा बजावलं. पण आईला सगळं बघायचं होतं. मी तिला घेऊन पलीकडच्या हॉलमध्ये गेले.

तिथे यजमान शाळेचा टुंड्रा होता आणि त्याच्या बर्फाला तीच गुलाबी झाक होती. मी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. मीठ आणि खडू.

"टच मत करो," मागची मुलगी म्हणाली. माझ्याच वयाची, टाय लावलेली. छातीवर बिल्ला होता. मनाली डी. घवाळी, सातवी.

"हा बर्फ कुणी केला?" मी विचारलं.

"पप्पांनी. ते टीचर आहेत ना."

मी बिल्ल्यावरचं नाव आईला हळूच वाचून दाखवलं. तेवढ्यात सर आम्हाला शोधत आले आणि दारातच थांबले.

"ही तुमची लेक का, सर?" आईने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"हो."

"पहिल्यापासून इथंच?"

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "पाचवीची तुकडी तुटत होती ताई. मुलं कमी पडली असती तर मी सरप्लस, म्हणजे जादा शिक्षक, ठरलो असतो. लांब डोंगरात जव्हारला नाहीतर मोखाड्याला पाठवलं असतं."

"ते त्या दिवशी सांगायचं होतं," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं भलं कशाला सांगितलं?"

मनाली रेनडिअर सरळ करत बसली होती, तिला यातलं काहीच कळलं नाही. आमच्या वर्गाला दुसरं बक्षीस मिळालं. सरांनी ते माझ्या हातात द्यायला बघितलं, मी हात पुढे केला नाही. माझी दोन वर्षांपूर्वीच चक्क फसवणूक झाली होती आणि फसवणाऱ्याला मला अजूनही 'सर' म्हणायचं होतं.

माझा धाकटा भाऊ धम्मदीप सरळ इंग्रजीत गेला. सर त्याच्यासाठी आमच्याकडे आले नाहीत. मी दहावीपर्यंत त्यांच्याच वर्गात बसले, भूगोलात पहिली आले आणि एकदाही त्यांना शंका विचारली नाही.

पुढे मी कॉलेजात असताना धम्मदीपला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. चार्ट पसरून तो रंगवत बसला होता. "काय करतोयस?" मी विचारलं.

"बायोम्स."

"म्हणजे काय?"

"जाऊ दे ताई, तुला नाही जमणार. इंग्लिशमध्ये आहे."

मी वाकून पाहिलं. टुंड्रा, तैगा, सवाना, म्हणजे आमचे नैसर्गिक प्रदेशच. सगळं मला तोंडपाठ होतं, झाडांच्या मुळांपासून. ओट्याशी आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"माझं चुकलं गं बाई," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी या शब्दांची वाट बघत होते, पण ते सरांच्या तोंडून. आई ते बोलली आणि मला सरांचा राग आला, प्रदर्शनाच्या दिवशी आला होता त्याहून जास्त.