फाटकवाल्याचं एक मिनिट

सोजरबाई ओव्हाळ अंगठेबहाद्दर. पगाराच्या कागदावर निळा अंगठा उठवायची आणि तो पॅकिंगच्या खोक्याला पुसून मोकळी व्हायची. पण घड्याळ तिला असं वाचता यायचं की स्टेशनमास्तरनं मान डोलवावी. आणि तेही रेल्वेचं. दुपारचा एक तिच्या लेखी तेरा, आणि चार म्हणजे सोळा. चिंचवडच्या एमआयडीसीत बाटल्यांची बुचं करणारी आमची कंपनी होती. तिथं पॅकिंगला नवी पोरगी लागली आणि तिनं वेळ विचारली, की सोजरबाई मनगट वर करून सांगायची, "तेरा चाळीस."

"तेरा कुठं असत्यात वो मावशी?"

"तुझ्या घड्याळात नसत्याल. माझ्यात हायेत."

होतेच. पांढरी तबकडी, तिच्यावर लांबूनही दिसतील असे काळे ठसठशीत आकडे, साठच्या साठ मिनिटांच्या रेघा, आणि आतल्या बाजूला बारीक लाल आकडे तेरापासून चोवीसपर्यंत. पाठीवर आगगाडीचं इंजिन कोरलेलं. परदेशी बनावटीचं, चावीचं, पुरुषी घड्याळ. सोजरबाईच्या काटकुळ्या मनगटावर ते रोवळीवर परात पालथी घातल्यागत दिसायचं. पट्टा मोठा पडला म्हणून तिनं दाभणानं त्याला दोन भोकं जास्तीची पाडली होती.

घड्याळ मूळचं डिमेलो नावाच्या गार्डाचं. गार्डाची नोकरी मिनिटावर चाले, म्हणून त्यानं ऐपतीबाहेर जाऊन ते घेतलेलं. नोकरी संपली त्या दिवशी त्यानं गाडीतनं उतरून ते आबाजीच्या हातावर बांधलं. आबाजी म्हणजे सोजरबाईचा सासरा, देहूरोडजवळच्या एका फाटकावर गेटमन. वीस वर्षांत त्या फाटकानं डिमेलोची गाडी एकदाही खोळंबवली नव्हती.

सोजरबाई ह्या घरात आली बासष्ट साली. त्याच वर्षी चीनची लढाई लागली, आणि लष्कराच्या खास गाड्या कधी वरनं, कधी खालनं सुटायला लागल्या. नेमका आबाजीला हिवताप भरला. बदली माणूस मिळेना. नवरा भीमराज लष्कराच्या डेपोत हमाल, त्याला ओव्हरटाइममधनं घरी यायची सवड नव्हती. मग सोळा वर्षांची ही सून आठ दिवस फाटकावर उभी राहिली. आबाजी केबिनीबाहेर बाजेवर गोधडीत कुडकुडत पडायचा आणि तिथनं शिकवायचा.

"हे घड्याळ एक मिनिट पुढं हाय, सोजर. पुढंच ठिवायचं."

"चुकीचं का ठिवायचं?"

"चुकीचं न्हाई. गाडी आपल्यासाठी थांबत न्हाई, आपुन गाडीच्या आधी पायजे. त्ये एक मिनिट फाटकवाल्याचं."

दुसरा नेम असा, की काट्याला हात लावायचा तो फक्त सोळा वाजता. दुपारी चारच्या ठोक्याला पुण्याच्या कंट्रोलमधनं लाइनीवरच्या सगळ्या स्टेशनांना फोनवर वेळ सांगतात, मास्तर ती फाटकांना कळवतो. मास्तर असो की गेटमन, सगळ्यांनी आपलं घड्याळ तेव्हा लावायचं. एरवी कुणी बोट लावलं तर ते पाप.

आबाजीनं मरताना घड्याळ सुनेला दिलं. भीमराज कुरकुरला, "बाईमाणसाला घड्याळ कशाला?"

"तू उभा राह्यला व्हतास का आठ दिस?" आबाजी म्हणाला. विषय तिथं मिटला.

सोजरबाई कंपनीत लागली एकाहत्तर साली, टेंपरवारी. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करावं लागतं, असा कायदा. आणि दिवस भरू द्यायचे नाहीत, हा कंपनीचा कायदा. तो चालवायचा बबनराव टाइमकीपर. गेटवर त्याचं गोल चावीचं घड्याळ टांगलेलं. त्यात सात वाजले की लोखंडी गेट बंद. बाहेर राहिला त्याच्या नावापुढं लाल रेघ, आणि तीन रेघांचा एक खाडा.

देहूरोड-तळेगावकडच्या बाया लोकलनं यायच्या. सहा तेहतीसला चिंचवड. तिथनं कंपनी बावीस मिनिटांच्या चालीवर. म्हणजे पाच मिनिटं हातात ठेवून पोचायला पाहिजे. पण चालत आलं की गेट बंद असायचं आणि पळत आलं की उघडं. म्हणून अठरा-एकोणीस बाया रोज पदर खोचून, डबे छातीशी धरून पळायच्या. रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून मजा बघायचे.

सोजरबाईला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, की गेटवरचं घड्याळ पुढं पळतंय. घरी जाताना ती चिंचवड स्टेशनात मास्तरच्या खिडकीशी उभी राहून सोळाची वेळ घ्यायची, त्यामुळं तिच्या मनात शंका नव्हती. गंमत अशी, की सुटायच्या वेळी भोंगा वाजायचा तो खात्यातल्या घड्याळावर, आणि ते अगदी बरोबर चालायचं. आत यायला एक घड्याळ, बाहेर पडायला दुसरं. तिनं दोनदा बबनरावाला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कंपनी तुझ्या मनगटावर चालत न्हाई."

ती गप्प बसली. चौऱ्याहत्तरच्या थंडीत मात्र गप्प बसणं संपलं.

कस्तुरा नावाची पोरगी होती, सातवा महिना लागलेली. तिला पळवेना. तिचे दोनशे छत्तीस दिवस भरले होते, आणखी चार भरले की कायम. बाळंतपणाची रजा, दवाखाना, सगळं त्या चार दिवसांत अडकलेलं. त्या सोमवारी ती चालत आली आणि गेट तिच्या नाकासमोर लागलं. तिसरी रेघ. एक दिवस गेला. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते, तर दोनशे चाळीस भरायच्या आधी वर्ष संपलं असतं.

सोजरबाई पळत आधीच आत पोचली होती. तिनं मनगट बघितलं. सहा छप्पन्न. आबाजीचं एक मिनिट सोडलं तर सहा पंचावन्न. ती परत फिरली, गेटच्या छोट्या दारातनं बाहेर गेली आणि कस्तुराजवळ उभी राहिली.

"तुला काय झालं?" बबनराव म्हणाला. "तुझी हजेरी लागलीया."

"काढून टाका. सात वाजले न्हाईत अजून. वाजले की येते आत."

मग एकेक करत बाकीच्या बाया बाहेर आल्या. मशिनी सुरू झाल्या, बुचं पडायला लागली आणि भरायला कुणी नाही. दहा मिनिटांत दौलतराव साहेब खाली आले. हे कंपनीचे मॅनेजर, माणूस शिस्तीचा, पण जुन्या घड्याळांचा नादिष्ट. भांडण ऐकता ऐकता त्यांची नजर सोजरबाईच्या मनगटावर गेली आणि तिथंच राहिली.

"बघू."

तिनं हात पुढं केला, घड्याळ काढलं नाही. साहेबांनी तबकडी न्याहाळली, पाठीवरचं इंजिन बोट घालून चाचपलं, कानाशी नेलं. बाईचा हात कानाशी धरून मॅनेजर उभा, असं दृश्य आमच्या कंपनीत आधी कुणी बघितलेलं नव्हतं.

"हे आता मिळत नाही," ते म्हणाले. "सोजरबाई, हे मला दे. नवं घड्याळ देतो, बायकी, छान. आणि उद्या तुझी कायमची ऑर्डर."

तीन वर्षं जिच्यासाठी पळापळ केली ती ऑर्डर. कस्तुरा जमिनीकडं बघत होती.

"माझी एकटीची?" सोजरबाईनं विचारलं.

"तुझी."

"मंग घड्याळ ऱ्हाऊ द्या. हे गेलं तर गेटवरचं चुकतंय हे सांगायचं कुणी? बबनरावांनी?"

साहेबांचा चेहरा उतरला. "तुझंच बरोबर कशावरनं?"

"माझं बी मानू नका. आज सोळा वाजता दोन्ही घड्याळं मास्तरपुढं ठिवा. त्यो सांगंल ती वेळ."

सगळ्या खात्यासमोर नाही म्हणणं साहेबांना जड गेलं. पण सोजरबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिनं पॅकिंगमधनं खोक्याला लावतात ती डिंकाची पट्टी आणली, जिभेनं ओली केली आणि गेटवरच्या घड्याळाच्या काचेवर आडवी चिकटवली. "साहेब, हिच्यावर सही करा. दुपारपतूर कुणाचं बोट आत जायला नगं."

बबनराव म्हणाला, "मला चोर म्हणतीस व्हय?"

"तुमाला कोण म्हणतंय. काट्याला म्हणते."

साहेबांनी सही केली.

जेवणाच्या सुट्टीत कस्तुरा तिच्याजवळ आली. आबाजीचं मिनिट तिला ठाऊक होतं. "मावशी, तुझं एक मिनिट पुढं हाय. मागं घे की आत्ता, कोण बघतंय?"

"बबनराव त्येच करतो."

"पण त्यो हसंल आपल्याला."

"हसू दे. सोळाच्या आत हात लावायचा न्हाई."

तीनला शिफ्ट सुटली. घड्याळ भिंतीवरनं उतरवलं आणि टांगा बोलावला. बबनराव ते मांडीवर घेऊन बसला, वांगी बाजारात चालवल्यागत, फक्त तोंड उतरलेलं. शेजारी साहेब. मागनं एकोणीस बाया चालत. त्या रस्त्यानं त्या पहिल्यांदाच न पळता गेल्या.

चिंचवडचा मास्तर आधी वैतागला, मग त्यालाही मजा वाटली. त्यानं दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवून घेतली. सोजरबाईनं मनगटावरनं घड्याळ सोडलं ते तेव्हा. फोन वाजला. मास्तरनं रिसीव्हर कानाला लावला, बोट वर केलं आणि खाली आणलं.

"सोळा."

कंपनीच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं. सोजरबाईच्या घड्याळात चार वाजून एक.

बबनरावाला तेवढं पुरलं. "बघा साहेब, हिचं बी चुकलंय. चुकीच्या घड्याळावर भांडती."

बाया सोजरबाईकडं बघायला लागल्या. ती घड्याळ परत मनगटावर बांधत होती. आधी तिनं पट्ट्याचं तिसरं भोक शोधून लावलं.

"एक मिनिट पुढं हाय," ती म्हणाली. "सासऱ्यानं ठिवलंय, मीबी ठिवलंय. गाडीच्या आधी फाटक लागावं म्हणून. ते मिनिट माझ्या पायाला हाय बबनराव, त्यानं मीच लवकर घरनं निघते. तुमची सहा मिनिटं कुणाच्या पायाला हायेत?"

साहेबांनी पट्टी स्वतः फाडली, काच उघडली आणि काटा मागं घेतला. दुसऱ्या दिवशी त्या महिन्याच्या सगळ्या लाल रेघांवर काळी काट मारली गेली. कस्तुराचे दोनशे चाळीस भरले आणि मुलगी कंपनीच्या रजेत झाली.

सोजरबाईला मात्र दोनशे एकतिसाव्या दिवशी ब्रेक मिळाला, म्हणजे घरी बसवलं. काम कमी आहे म्हणून. काम कुणाचंच कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या लोकलनं आली आणि गेटसमोरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. काखेत आबाजीच्या दोन जुन्या झेंड्या, एक हिरवी, एक लाल. बबनराव म्हणाला, "तुला काढलंय ना? हितं काय करतीस?"

"फाटकावर हाय."

रोज यायची. गेट बरोबर सातला लागलं की हिरवी गुंडाळून घरी. एकविसाव्या दिवशी गेट दोन मिनिटं आधी लागलं. सोजरबाई मोरीवरनं उठली, रस्त्याच्या मधोमध गेली आणि लाल झेंडी उघडून धरली. कंपनीचा पत्रा घेऊन येणारा ट्रक जागेवर थांबला, त्याच्यामागं एसटी, तिच्यामागं दुधाच्या सायकली. ड्रायव्हर ओरडला, "बाई, हितं रूळ कुठाय?"

"गेट उघडलं की जा," ती म्हणाली.

दौलतराव साहेब स्वतः बाहेर आले. आधी घड्याळाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आत ये," एवढंच म्हणाले. ऑर्डर निघायला आणखी दीड वर्ष लागलं, पण ती सगळ्या बायांबरोबर निघाली.

ब्याऐंशी साली गेटवर सेलवर चालणारं नवं घड्याळ आलं. बबनराव स्टुलावर चढला, खिळ्याला ते अडकवलं, काट्यावर बोट ठेवलं आणि थांबला. खाली बाया आत शिरत होत्या.

"सोजरबाई," त्यानं वरनंच विचारलं, "किती वाजले?"

तिनं मनगट बघितलं, आबाजीचं एक मिनिट वजा केलं आणि सांगितलं.